रोहिणी आणि नीला : मेंदूच्या सूक्ष्मरक्तवाहिनीविकाराच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

मेंदूतील रक्ताभिसरणाच्या विकारांचा इतिहास आजवर मुख्यतः रोहिणींच्या अंगाने लिहिला गेला आहे. रोहिणी चोंदते, रोहिणी फुटते, रोहिणीची भिंत जाड होते आणि तिच्या पलीकडचा मेंदूचा भाग उपाशी पडतो, हे या इतिहासाचे परिचित कथानक होय. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या नीलांना त्यात फारसे स्थान मिळालेले नाही. वार्धक्यात मेंदूच्या श्वेतद्रव्याची होणारी झीज, लहान लहान पक्षाघात, चालण्यातील अस्थिरता आणि हळूहळू मंदावत जाणारी विचारशक्ती यांच्या मुळाशी असणाऱ्या सूक्ष्मरक्तवाहिनीविकाराबाबत तर हे विशेषच खरे आहे. हा विकार क्वचित आढळणारा नव्हे. रक्तपुरवठा तुटल्यामुळे येणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे एक चतुर्थांश त्याच्यामुळे येतात आणि स्मृतिभ्रंशाच्या कारणांमध्ये अल्झायमरच्या विकाराच्या जोडीने त्याचे नाव घेतले जाते. असे असूनही रक्तवाहिन्यांच्या जाळ्याचा परतीचा अर्धा भाग दीर्घकाळ विचाराबाहेर का राहिला, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. कोणता शब्द हाताशी होता, कोणते रूपक प्रभावी होते आणि कोणत्या साधनाने काय दिसू शकत होते, या तिन्ही गोष्टींनी त्याचे उत्तर घडवले आहे. प्रस्तुत लेखात त्यांचा क्रमाने विचार केला आहे.

१. शब्दांची पूर्वपीठिका

मराठी बोलीत रक्तवाहिनीसाठी 'शीर' आणि 'नस' हे शब्द सर्रास चालतात. संतापाने डोक्याची शीर उठते, कंबरेतली शीर दबते, म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूतली नस फुटते. पहिल्या प्रयोगात कपाळावर तटतटणारी रक्तवाहिनी अभिप्रेत आहे, दुसऱ्यात मज्जातंतू, तर तिसऱ्यात बहुधा रोहिणी. बोलीला हा भेद करण्याची गरज पडलेली नाही. शरीरातून धावणारी, ताणली जाणारी, दुखणारी जी जी दोरी, ती शीर.

शास्त्रीय मराठीला मात्र भेद करावा लागला. मराठी विश्वकोशाने हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीला 'रोहिणी' आणि हृदयाकडे रक्त आणणाऱ्या वाहिनीला 'नीला' म्हटले. हिंदीत 'धमनी' आणि 'शिरा' ही जोडी रूढ झाली आणि मराठी पाठ्यपुस्तकांतही ती दिसते. हे चारही शब्द सुश्रुतसंहितेच्या परंपरेतून आलेले आहेत, परंतु त्यांचे मूळ अर्थ वेगळे होते. शारीरस्थानात सातशे सिरा सांगितल्या आहेत. त्या नाभीपासून पसरतात आणि त्यांचे चार गट आहेत : वात वाहणाऱ्या अरुणा, पित्त वाहणाऱ्या नीला, कफ वाहणाऱ्या गौरी आणि रक्त वाहणाऱ्या रोहिणी. म्हणजे सुश्रुताच्या वर्गीकरणात रोहिणी आणि नीला या दोन्ही सिराच होत. त्यांच्यातील भेद रक्ताच्या दिशेचा नसून वाहून नेल्या जाणाऱ्या द्रव्याचा आणि रंगाचा आहे. धमन्यांचा विचार तेथे स्वतंत्रपणे केला आहे. आधुनिक परिभाषाकारांनी या चारांतून दोन रंग उचलले आणि त्यांना युरोपीय शरीरशास्त्रातील दोन वाहिन्यांची नावे दिली. शब्द जुने राहिले, त्यांच्याखालची शरीरकल्पना बदलली.

या स्थित्यंतरात आणखी एक गोष्ट घडली. शालेय मराठीत रोहिणी 'शुद्ध' रक्ताची आणि नीला 'अशुद्ध' रक्ताची वाहिनी ठरली. वस्तुतः फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत प्राणवायू कमी असलेले रक्त असते आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या नीलेत तो भरपूर असलेले. वाहिनीची ओळख प्रवाहाच्या दिशेने ठरते, रक्ताच्या कथित पावित्र्याने नव्हे. परंतु शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द मराठी समाजात निरुपद्रवी नाहीत. ज्या वाहिनीचे वर्णनच अशुद्धाची वाहक असे होते, तिच्याकडे जीवनदायी व्यवस्थेचा भाग म्हणून पाहणे भाषेच्या पातळीवरच अवघड होते.

२. हौद, ओघ आणि वर्तुळ

पाश्चात्त्य परंपरेत नीलांचे स्थान प्रारंभापासून गौण नव्हते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियात शवविच्छेदन करणाऱ्या हेरोफिलसने कवटीच्या मागच्या भागात नीलाप्रवाह एकत्र येतात त्या जागेला द्राक्षे तुडवण्याच्या हौदाचे ग्रीक नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचे 'टॉर्क्युलर' झाले आणि 'हेरोफिलसचा टॉर्क्युलर' हा शब्द शरीररचनाशास्त्रात आजही टिकून आहे. मेंदूच्या नीलांना मिळालेले हे आद्य रूपक शेतीवाडीतले आहे, आणि ते साठ्याचे आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गेलनच्या मते नीलांचा उगम यकृतात होता आणि शरीराचे पोषण करणारे रक्त त्याच पोहोचवत. रोहिणींकडे प्राणतत्त्व वाहून नेण्याचे काम होते. मेंदूच्या खोल भागातील रक्त गोळा करणारी मोठी नीला आजही 'गेलनची नीला' म्हणून ओळखली जाते. गेलनच्या शरीरात नीला ही अन्नदात्री होती. चिकित्सेतही तिला मान होता. भारतीय शिरावेध असो वा युरोपातील रक्तमोक्षण असो, वैद्य उघडत असे ती बहुधा नीलाच.

विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला आणि ही व्यवस्था उलटली. या उलथापालथीत एक विरोधाभास आहे. हार्वेचा निर्णायक पुरावा नीलांनीच दिला. दंडाला पट्टा आवळून त्याने नीलांतील झडपा रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडे, जाऊ देतात हे दाखवले. पण सिद्धांत सिद्ध झाल्यावर नीलेचे पोषणकार्य संपले आणि ती परतीची वाट उरली. १६६४ साली थॉमस विलिसने मेंदूच्या शरीररचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील काही आकृत्या ख्रिस्तोफर रेनने काढल्या होत्या. मेंदूच्या तळाशी असलेले रोहिणींचे वर्तुळ त्यात इतक्या स्पष्टपणे उमटले, की पुढे मेंदूचा रक्तपुरवठा म्हणजे विलिसचे वर्तुळ हे समीकरण रूढ झाले. मेंदूच्या नीलांकडे असे सुटसुटीत चित्र नव्हते. त्यांची मांडणी माणसागणिक बदलते, त्यांच्या भिंती पातळ असतात आणि हार्वेला ज्या झडपांनी मदत केली त्या त्यांच्यात नसतातच. ज्याचे रेखाटन ठरावीक असते ते पाठ्यपुस्तकात स्थिरावते, आणि जे बदलते ते तळटीपेत जाते.

३. खळगे, चाळणी आणि रोहिणी

सूक्ष्मरक्तवाहिनीविकाराची कहाणी एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये सुरू होते. १८३८ साली देशांब्रने मेंदूतील लहान पोकळ्यांसाठी 'लाक्युन', म्हणजे खळगा किंवा रिकामी जागा, हा शब्द वापरला. पुढे १८४२-४३ मध्ये द्युराँ-फार्देलने दोन प्रकारच्या पोकळ्यांत भेद केला. मऊ पडलेला भाग भरून आल्यावर उरतो तो खळगा, आणि रक्तवाहिन्यांभोवतीची जागा रुंदावल्याने मेंदू चाळणीसारखा दिसतो ती 'चाळणी-अवस्था'. हे शब्द वर्णनात्मक होते आणि त्यांनी कारणाचा निवाडा केलेला नव्हता. १९०१ साली प्येर मारीने बिसेत्र येथील वृद्धांच्या अभ्यासातून या खळग्यांचा संबंध अर्धांगवायूच्या सौम्य झटक्यांशी आणि लहान लहान पावले टाकत चालण्याशी जोडला.

जर्मन परंपरा कारणाकडे अधिक झुकली. ओटो बिन्सवांगरने १८९४ साली श्वेतद्रव्य आक्रसलेल्या आणि मेंदूतील विवरे रुंदावलेल्या रुग्णांचे वर्णन केले. उपदंशजन्य बुद्धिभ्रंशापासून हा विकार वेगळा काढणे हा त्याचा मुख्य हेतू होता. आलॉइस अल्झायमरने १९०२ साली त्याला सूक्ष्मदर्शकीय आधार दिला आणि बिन्सवांगरचे नाव त्याला जोडले. दोघांच्याही दृष्टीने दोष रोहिणींच्या कठीण होण्यात होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॉस्टनमध्ये मिलर फिशरने खळग्यांपर्यंत जाणाऱ्या बारीक रोहिणींचा एकापाठोपाठ एक काप घेऊन मागोवा घेतला. १९६५ सालचा त्याचा लेख आणि त्यानंतरचे त्याचे काम यांमुळे उच्च रक्तदाब, रोहिणीच्या भिंतीचा बिघाड आणि खळगा ही कार्यकारणाची साखळी पक्की झाली.

ही साखळी चुकीची नव्हती. रक्तदाब मोजता येत होता, पुढे तो औषधांनी कमी करता येऊ लागला आणि रोहिणीची भिंत कापात ओळखता येत होती. सिद्धांत, निदान आणि उपचार एकाच रेषेत येणे हे वैद्यकात दुर्मिळ असते. म्हणूनच रेषेबाहेरचे फारसे कोणी शोधले नाही.

मेंदूच्या नीलांकडे वैद्यकाचे लक्षच नव्हते, असा याचा अर्थ नाही. मोठ्या नीलांत गुठळी झाली की तिची नोंद होत असे. १९८०च्या सुमारास भारतीय चेताविज्ञांनी प्रसूतीनंतरच्या आठवड्यांत तरुण स्त्रियांना होणाऱ्या नीलागुठळीचे वर्णन जागतिक नियतकालिकांत केले, आणि हा विषय भारतीय वैद्यकाच्या परिचयाचा झाला. परंतु ती घटना आकस्मिक असते. डोकेदुखी, आकडी, बेशुद्धी अशी तिची लक्षणे समोर येतात. बारीक नीला वर्षानुवर्षे जाड होत गेल्या तर त्याची कोणतीही तारीख सांगता येत नाही. रुग्णकथा तारखेवर उभी राहते, आणि नीलांच्या संथ विकाराला कथेचा हा आधारच मिळाला नाही.

४. एकाच जागेची दोन वाचने

१९७०च्या दशकात सीटी आणि त्यानंतर एमआरआय आल्यावर असंख्य वृद्धांच्या श्वेतद्रव्यात, विशेषतः विवरांच्या कडेने, बदल दिसू लागले. १९८७ साली हॅचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी त्यांना 'ल्युको-अरायोसिस' हे नाव दिले. ग्रीकमधील 'शुभ्र' आणि 'विरळ' या अर्थांच्या शब्दांपासून ते घडवलेले होते. 'श्वेतविरलता' असे त्याचे मराठी रूप होऊ शकेल. दिसते तेवढेच सांगावे आणि कारणाबद्दल आधीच निर्णय देऊ नये, हा या शब्दामागचा हेतू होता. द्युराँ-फार्देलच्या चाळणीनंतर वर्णनाने कारणापासून पुन्हा एकदा घेतलेली ही फारकत होय.

विरलता विवरांच्या कडेलाच का, या प्रश्नापाशी दोन वाचने समोरासमोर येतात. श्वेतद्रव्याला रक्त पुरवणाऱ्या लांब, बारीक रोहिणी मेंदूच्या पृष्ठभागाकडून आत शिरतात, आणि विवरांजवळचा भाग त्यांच्या शेवटी येतो. पाण्याचा दाब कमी झाला की कालव्याच्या टोकाचे शेत आधी सुकते, तसे हे रोहिणीपक्षाचे वाचन आहे. परंतु याच श्वेतद्रव्यातील खोल नीला विवरांच्या दिशेने जातात, विवरांच्या भिंतीलगतच्या नीलांना मिळतात आणि तेथून रक्त गेलनच्या नीलेत व पुढे हेरोफिलसच्या हौदापर्यंत पोहोचते. म्हणजे जो भाग रोहिणींच्या दृष्टीने सर्वांत दूरचा, तोच नीलांच्या दृष्टीने निर्गमाचा मार्ग आहे. मार्ग अरुंद झाला तर मागे दाब वाढेल, द्रव झिरपेल, ऊतक फुगेल आणि टाकाऊ द्रव्यांचा निचरा मंदावेल. शेत सुकण्याऐवजी तुंबेल, असे हे दुसरे वाचन. नकाशा एकच असून त्याचे अर्थ दोन आहेत. विरलतेचे स्थान केवळ पाहून त्यांपैकी एक अर्थ निवडता येत नाही.

५. विकर आणि चुंबक

नीला दिसू न देण्यात साधनांचाही वाटा होता. बारीक नीलेच्या भिंतीत कोलॅजेन साठून ती जाड झाली की नेहमीच्या रंजनात ती कठीण झालेल्या बारीक रोहिणीसारखी भासू शकते. ओळख पटवण्याचा प्रश्न सुटत नाही तोवर विकृतिशास्त्रज्ञ परिचित नावाकडेच वळतो.

अमेरिकेतील डिक्सन मूडी आणि सहकाऱ्यांनी अल्कलाइन फॉस्फेटेज या विकरावर आधारित रंजनपद्धती वापरली. हे विकर रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या आणि केशवाहिन्यांच्या अस्तरात रंग धरते, नीलांत धरत नाही. जाड काप घेऊन पाहिल्यावर दोन जाळी एकमेकांपासून वेगळी करता आली. १९९५ साली त्यांनी विवरांलगतच्या नीलांच्या भिंतींत दाहाशिवाय कोलॅजेन साठत असल्याचे आणि काही नीलांचा मार्ग अत्यंत अरुंद झाल्याचे नोंदवले, आणि या स्थितीचा श्वेतविरलतेशी संबंध दाखवला. 'नीलाकोलॅजेनता' असे तिला म्हणता येईल. २०१७ साली टोरांटो येथील संशोधकांनी शवविच्छेदनांच्या आधारे हा संबंध पुन्हा तपासला आणि पुरेशी ओळख न मिळालेला दोष म्हणून त्याकडे लक्ष वेधले. मधल्या काळात, २०१० साली, लिओनार्दो पँतोनी यांनी सूक्ष्मरक्तवाहिनीविकाराच्या कारणांची सहा गटांत विभागणी केली. तीत नीलाकोलॅजेनतेला पाचवा गट मिळाला. व्याख्येत नीला आल्या, तरी व्यवहारात हा विकार म्हणजे बारीक रोहिणींचा विकार असेच बहुतेकदा समजले जात राहिले.

दुसरे साधन जिवंत मेंदूसाठी होते. प्राणवायू सोडून दिलेले हीमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगळे वागते, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ साली दाखवले होते. १९९० साली सेइजी ओगावा यांनी एमआरआयमध्ये त्याचा उपयोग केला आणि १९९७ पासून याच गुणधर्मावर आधारित नीलाचित्रणाच्या पद्धती विकसित होत गेल्या. ज्या रक्ताला शालेय मराठी 'अशुद्ध' म्हणते, त्याच्या त्या तथाकथित अशुद्धीमुळेच नीला चित्रात काळ्या रेषांनी उमटू लागल्या. बाहेरून काहीही टोचावे लागले नाही.

मात्र दिसणे आणि असणे एक नव्हे. श्वेतविरलता जास्त असलेल्या मेंदूंत खोल नीला कमी दिसतात, असे काही अभ्यासांत आढळले. याचा अर्थ नीला नष्ट झाल्या असा होऊ शकतो. त्या भागातील ऊतक प्राणवायू कमी वापरते, म्हणून रक्तातील चुंबकीय खूण पुसट झाली, असाही तो होऊ शकतो. काळी रेषा ही नीलेची प्रतिमा नसून तिच्यातील रक्ताच्या अवस्थेची खूण आहे, हे भान येथे आवश्यक ठरते.

रोहिणीपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा 'काडासिल' या आनुवंशिक विकाराने दिला. १९९३ साली हे नाव मिळालेल्या या विकाराचे मूळ नॉच-३ या जनुकातील बदलात आहे, हे १९९६ साली सिद्ध झाले. त्यात बारीक रोहिणींच्या भिंतीतील स्नायुपेशी नष्ट होतात, आणि रक्तदाब वाढलेला नसतानाही श्वेतद्रव्य झिजते व खळगे पडतात. रोहिणी बिघडल्याने एवढे सारे घडू शकते, हे यातून निर्विवाद झाले. परंतु २०१४ साली सात टेस्ला क्षमतेच्या एमआरआयने याच विकारात श्वेतद्रव्यातील नीलाही कमी दिसत असल्याचे आढळले. रोहिणीविकाराच्या आदर्श उदाहरणातही नीला पूर्णपणे अलिप्त राहिल्या नाहीत. त्या कारण आहेत, परिणाम आहेत की सोबती आहेत, हे एका वेळच्या चित्रावरून ठरत नाही.

६. उतावळ्या कथानकाचा धडा

उपेक्षित पात्राला न्याय देण्याच्या भरात त्यालाच नायक करण्याचा मोह साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. नीलांच्या बाबतीत तो शेजारच्या एका विकाराबद्दल प्रत्यक्षात घडला. बहुविध काठिण्य, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, या वेगळ्या विकारात मेंदूतील डाग नीलांभोवती असतात, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. एडिंबरोच्या जेम्स डॉसनने १९१६ साली त्यांचे सविस्तर वर्णन केले. २००९ साली इटलीतील पाओलो झांबोनी यांनी मानेतील आणि छातीतील नीला अरुंद झाल्याने हा विकार होतो, असा सिद्धांत मांडला. नीला फुग्याने रुंद करण्याच्या उपचाराला 'मुक्ती' हे नाव मिळाले. त्या शब्दाने जे साधले ते कोणत्याही आकडेवारीला साधले नसते. देशोदेशीचे रुग्ण पदरचे पैसे खर्चून परदेशी गेले. काहींना इजा झाली, काहींचा मृत्यू ओढवला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी अरुंदता निरोगी माणसांतही तितकीच आढळली, आणि झांबोनी यांनी स्वतः केलेल्या चाचणीतही २०१७ साली हा उपचार निष्फळ ठरला.

या प्रकरणाचा सूक्ष्मरक्तवाहिनीविकाराशी थेट संबंध नाही. तो विकार वेगळा आणि त्या नीलाही वेगळ्या. मात्र पुरावा येण्याआधी रूपक पोहोचले की माणसे कशी भरडली जातात, याचे ते उदाहरण आहे. मेंदूतील निचऱ्याच्या विचारालाही सध्या असेच आकर्षण आहे. द्रव रोहिणींच्या कडेने आत येतो आणि नीलांच्या कडेने बाहेर पडतो, हे २०१२ साली मांडले गेलेले प्रारूप प्रभावी ठरले आहे. निचरा रोहिणींच्या भिंतीतूनच उलट दिशेने होतो, असे मानणारा पक्षही तितकाच आग्रही आहे. वाद मिटलेला नाही.

७. समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे नीलांची उपेक्षा अज्ञानातून झालेली नाही. यशस्वी ठरलेल्या एका स्पष्टीकरणाची ती सावली आहे, आणि ते स्पष्टीकरण आजही उपयोगी आहे. रक्तदाब अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास श्वेतद्रव्यातील बदल कमी वेगाने वाढतात, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले. वृद्ध रुग्णाच्या हाती आज जे ठोस आहे ते याच बाजूने आलेले आहे. नीलांवर बेतलेला कोणताही उपचार अद्याप सिद्ध झालेला नाही.

दुसरी गोष्ट अशी, की हीच बाजू पूर्ण आहे असे मानल्यास एक मोठा प्रश्न अनुत्तरित राहतो. रक्तदाब नियंत्रणात असलेल्या अनेकांचे श्वेतद्रव्यही झिजत जाते. हृदयाकडून मेंदूकडे येणारा रक्ताचा ठोका कठीण रोहिणीत शमत नाही आणि पुढे पातळ भिंतीच्या नीलांपर्यंत पोहोचतो, ही शक्यता गृहीत धरली तर रोहिणी आणि नीला यांचे विकार एकाच प्रक्रियेची दोन टोके ठरू शकतात. मग प्रश्न दोन पक्षांतील निवडीचा उरत नाही. प्रवाह एक आहे आणि त्याचा आरंभ व शेवट एकत्र अभ्यासावा लागतो.

तिसरी गोष्ट परिभाषेची आहे. खळगा, चाळणी आणि श्वेतविरलता हे शब्द कारणाबाबत मौन बाळगतात, म्हणून नव्या पुराव्याला त्यांत जागा मिळाली. 'अशुद्ध रक्ताची वाहिनी' हा शब्दप्रयोग मौन बाळगत नाही. तो निर्णय देऊन मोकळा होतो. भारतीय भाषांतून वैद्यक लिहिताना सुश्रुताचे रंग घ्यावेत की धमनी-शिरा ही जोडी, हा रुचीचा प्रश्न असू शकेल. शुद्ध-अशुद्धाची जोडी मात्र सोडून द्यावी लागेल. वृद्ध आईच्या एमआरआयचा अहवाल हातात घेऊन बसलेल्या मराठी माणसाला मेंदूत काय चालले आहे हे समजावून सांगायचे, तर रक्त येते कोठून याच्याबरोबरच ते जाते कोठून, हेही त्याच भाषेत सांगता आले पाहिजे.